‘नदीकाठी राहायला सांगितले कुणी?’ : कृष्णा-पंचगंगेच्या पुराविषयी एक धागा

१/
कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली, की समाजमाध्यमांवर एक प्रश्न हमखास उगवतो : ‘दरवर्षी बुडतात, मग या लोकांना नदीकाठी राहायला सांगितले कुणी?’ विचारणारा पुष्कळदा बुजवलेल्या ओढ्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीतच राहत असतो, पण ते असो. प्रश्न विचारलाच आहे तर त्याचे उत्तर दिले पाहिजे. उत्तर इतिहासात आहे आणि विचारणाऱ्याला ते फारसे सोयीचे नाही. आजचा धागा त्याविषयी.

२/
आधी भूगोल, थोडक्यात. कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळ तालुका आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांचे पाणी घेऊन पंचगंगा कोल्हापूर आणि इचलकरंजीवरून येते व नृसिंहवाडीस, म्हणजे आपल्या नरसोबाच्या वाडीला, कृष्णेस मिळते. कृष्णेने तोवर कराडला कोयना आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा पोटात घेतलेली असते. थोडे पुढे, राज्याच्या सीमेलगत, दूधगंगाही येऊन मिळते. सह्याद्रीच्या कड्यांवर चार दिवस कोसळलेला पाऊस अशा रीतीने एका सपाट तालुक्यात एकत्र जमतो.

३/
डोंगरात धावणारे पाणी येथे चालू लागते आणि पुष्कळदा थांबतेही. कृष्णा तुडुंब असेल तर पंचगंगेला तिच्यात शिरता येत नाही. ती मागे सरते आणि काठांवर पसरते. याला या भागात ‘फुग’ म्हणतात. शेतकरी सांगतो, ‘पाऊस उघडलाय, पण फुग हाय.’ आभाळ निरभ्र, ऊन पडलेले, आणि पाणी मात्र इंचाइंचाने वर चढते आहे. हे दृश्य ज्याने पाहिलेले नाही त्याला शिरोळचा पूर कळणे कठीण. शहरातला पूर अंगावर येतो, येथला पूर मुक्कामाला येतो. हा भेद लक्षात ठेवावा, धाग्याच्या अखेरीस त्याची गरज पडेल.

४/
आता मूळ प्रश्न. नदीकाठी राहायला कुणी सांगितले? पहिले उत्तर असे की, जुनी गावे नदीच्या पुरात वसलीच नव्हती. मराठी गावाची जुनी विभागणी दोन शब्दांत आहे : पांढरी आणि काळी. पांढरी म्हणजे वस्तीची जागा, काळी म्हणजे पिकाची. नदीकाठच्या गावांची पांढरी उंचवट्यावर असे आणि काळी उतरत उतरत नदीपर्यंत जाई. अनेक पिढ्यांच्या पडक्या भिंती, राख आणि माती यांच्या थरांनी ती पांढरी आणखी उंच होत गेली. कोल्हापूरची ब्रह्मपुरी टेकडी हे याचे प्रसिद्ध उदाहरण. १९४५-४६ च्या उत्खननात तेथे सातवाहन काळापर्यंतचे थर मिळाले. म्हणजे पंचगंगेच्या अगदी काठावर, पण उंचावर, माणूस सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही राहत होता. नदीजवळ राहणे आणि नदीत राहणे यांतला फरक त्याला ठाऊक होता.

५/
दुसरे उदाहरण देवाचे. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात ‘दक्षिणद्वार सोहळा’ होतो. कृष्णेचे पाणी चढत चढत मंदिरात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करण्यासाठी दूरदूरहून भाविक येतात. पाणी आणखी चढले तर उत्सवमूर्ती वरच्या जागी हलवली जाते आणि पूजाअर्चा तेथे चालू राहते. पूर ओसरला की गाळ काढून मंदिर धुतले जाते. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. मला येथे व्यवस्था दिसते. पाणी येणार हे गृहीत आहे, त्याला आत यायला वाट आहे, बाहेर जायला वाट आहे, आणि ते आल्यावर कुणी काय उचलून कोठे न्यायचे हेही ठरलेले आहे. पुढे रस्त्यांविषयी बोलू तेव्हा हे दक्षिणद्वार आठवावे.

६/
शेतीचेही वेळापत्रक असेच होते. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीला मळी म्हणतात. पावसाळ्यात मळी पाण्याखाली जाई आणि त्याचे दुःख कुणाला नसे, कारण तेथे मोलाचे पीक उभेच नसे. पाणी उतरले की पोयट्याचा नवा थर बसलेला असे. त्या ओलीवर रब्बीचा शाळू, हरभरा आणि भाजीपाला निघे. कृष्णाकाठच्या वांग्यांची ख्याती आजही आहे, ती या पोयट्याची देणगी. पूर हा त्या शेतीत खत घालणारा गडी होता. त्याला ‘आपत्ती’ हे नाव पडायचे होते.

७/
मग बदलले काय? मळीत बारमाही पीक उभे राहिले. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले. पावसाळ्यापूर्वी बरगे काढायचे, पाऊस सरला की पुन्हा घालायचे आणि नदीचेच पात्र तळ्यासारखे भरून ठेवायचे. काठाकाठाने उपसा सिंचनाच्या मोटारी बसल्या, सहकारी पाणीपुरवठा संस्था निघाल्या, साखर कारखाने उभे राहिले. कर्ज उसाला मिळाले, पाणी उसाला मिळाले, पत उसाला मिळाली. शाळू पेरणाऱ्याला बाजाराच्या मर्जीवर सोडले गेले आणि ऊस लावणाऱ्याच्या दारात कारखान्याचा चिटबॉय आला. ही वैभवाची कथा खरीच आहे, आणि तिच्यावर या जिल्ह्यांतली शाळा-महाविद्यालये आणि दवाखाने उभे आहेत. परंतु तिचा एक परिणाम कुणी मोजला नाही. पुराच्या महिन्यात पुराच्या जागेत लाखमोलाचे पीक उभे राहू लागले.

८/
उसाला पाण्याचे वावडे नाही, बुंध्याशी पाणी काही दिवस राहिले तरी तो तग धरतो. पण पाणी शेंड्यावरून गेले आणि गढूळ गाळ सुरळीत बसला की ऊस संपला. सुरळी म्हणजे शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पाने. पाणी उतरल्यावर दुरून शेत उभे दिसते, जवळ जाऊन शेंडा ओढला तर तो हातात येतो आणि त्याला कुजका वास असतो. पंचनामा करणारा बांधावरून पाहून ‘पीक उभे’ असे लिहून गेला, तर शेतकऱ्याने पुढे कुणाशी भांडावे?

९/
येथे एक आक्षेप येईल : ‘म्हणजे शेतकऱ्याच्याच हावेचे हे फळ!’ सबूर. मळीत ऊस लावणे हा एकट्या शेतकऱ्याचा बेत नव्हता. बंधारा कुणी बांधला? मोटारीची जोडणी कुणी दिली? पीककर्जाचा दर कुणी ठरवला? कारखान्याचा परवाना आणि कार्यक्षेत्र कुणी मंजूर केले? यांतल्या प्रत्येक कागदावर शासनाचा शिक्का आहे. ‘नदीकाठी राहायला सांगितले कुणी?’ या प्रश्नाचे दुसरे उत्तर या शिक्क्यात सापडते. पाण्याजवळ या असे राज्यानेच सांगितले, प्रत्येक पंचवार्षिक योजनेत सांगितले, अनुदान देऊन सांगितले.

१०/
तिसरे उत्तर धरणांच्या इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी शाहू महाराजांनी हाती घेतलेले राधानगरी, स्वातंत्र्यानंतरचे १०५ टीएमसीचे कोयना, त्यानंतरचे वारणेवरचे चांदोली आणि इतर. ही धरणे मुख्यतः सिंचनासाठी आणि विजेसाठी बांधलेली आहेत. पूर अडवणे हे त्यांचे नेमून दिलेले काम नव्हते. तरी त्यांनी एक गोष्ट आपोआप केली. पहिल्या पावसाचे, लहान आणि मध्यम पुरांचे पाणी ती पोटात घेऊ लागली. जे पाणी पूर्वी वरचेवर अंगणाला टेकून जाई आणि माणसाला आपली हद्द आठवून देई, ते बरीच वर्षे दिसेनासे झाले. नदीने जागा सोडली असे वाटू लागले. त्या समजुतीत गावे पांढरीवरून खाली उतरली.

११/
ती कशी उतरली हेही पाहा. कुटुंबे वाढली, पांढरीवर जागा उरली नाही. गावाच्या कडेला, सखल भागात, बसस्थानकाच्या आणि पाणंदीच्या बाजूने घरे झाली. ज्याला निवडीची मुभा होती त्याने उंच प्लॉट घेतला, ज्याला नव्हती त्याला उरलेली जागा मिळाली. गावकुसाबाहेर ज्यांना पूर्वापार ठेवले गेले त्यांच्या वस्त्या, मासेमारी करणाऱ्यांची घरे, भूमिहीनांना मिळालेली घरकुले, ही पाणी चढू लागले की पहिल्या दिवशी बुडतात. पुराच्या रेषेला जात नसते असे म्हणतात. जागावाटपाला होती, आणि पूर जागेप्रमाणे चढतो.

१२/
नियम नव्हता का? होता. १९८९ सालीच पाटबंधारे खात्याने परिपत्रक काढून नदीकाठी दोन रेषा आखायला सांगितले होते. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, तिच्या आत बांधकामाला मनाई. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी रेषा, तिच्या आत निर्बंध. कागद उत्तम होता. त्यानंतर नदीपात्राला लागून मंगल कार्यालये, पेट्रोलपंप आणि बंगल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या त्या बहुतांशी शहरांत आणि शहरांच्या वेशीवर. खेड्यात ती रेषा कित्येक ठिकाणी गावकऱ्यांनी स्वतः आखली आहे : देवळाच्या किंवा घराच्या भिंतीवर रंगाने ओढलेली एक आडवी ओळ, शेजारी २००५. तिच्यावर दुसरी, शेजारी २०१९. अभियंत्याच्या नकाशापेक्षा ती अधिक प्रामाणिक आहे.

१३/
आता रस्ते. पूररेषेत घरे आहेत म्हणून खेडुताला बोल लावणाऱ्यांनी आपली मोटार कशावरून धावते हे पाहावे. पूरमैदान ओलांडणारा जुना रस्ता जमिनीलगत असे. पुरात तो बुडे, दोन-चार दिवस वाहतूक बंद राही, पाणी त्याच्यावरून निघून जाई. मग ‘बारमाही रस्ता’ हवा झाला. मधल्या पात्रावर पूल आणि दोन्ही बाजूंना मातीचे उंच भराव, हा स्वस्त तोडगा निघाला. पाण्याच्या वाटेवर आडवी भिंत घातली आणि तिला एकच खिडकी ठेवली, असा याचा अर्थ. महामार्गापासून तालुक्यातल्या पुलांपर्यंत हेच झाले. भराव काढून तेथे कमानींचे पूल करा, अशी मागणी या भागातले लोक कंठशोष करून मांडत आले आहेत. पाण्याला आत येण्याचे दार ठेवले आणि दक्षिणद्वार बुजवले.

(गंमत अशी की, २०१९ मध्ये शिरोलीपाशी हा भरावाचा महामार्गही पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद पडला. मुंबईला कोल्हापूरचे दूध पोहोचेना, तेव्हा राजधानीला पुराचे गांभीर्य उमगले.)

१४/
आकड्यांकडे येऊ. सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. हा पूल १९२९ सालचा, सांगली संस्थानाच्या काळातला. येथे २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले आणि ते लोकांना शतकातून एकदाचे वाटले. अवघ्या १४ वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, ते ५७ फुटांवर पोहोचले. आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा महापूर. त्या वेळी महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्या पलीकडे गेली. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ही भाषा ज्या शाळकरी मुलाने दहावीपर्यंत दोनदा घर सोडले, त्याच्यापुढे करू नये.

१५/
‘मग हवामानबदल आहे, कुणाचा दोष नाही,’ हा नवा सुस्कारा. पावसाची तऱ्हा बदलते आहे, थोड्या दिवसांत फार पडतो आहे, हे खरेच. परंतु पाऊस वाढला म्हणून भरावाला अधिक मोऱ्या ठेवायच्या की कमी? धरणे जुलैअखेर काठोकाठ भरायची की जागा राखायची? हवामानबदल हा जबाबदारी वाढवणारा पुरावा आहे. आपल्याकडे तो जबाबदारी झटकण्याच्या कामी येतो.

१६/
आणि अलमट्टी. हा विषय टाळून शिरोळमध्ये कुणाला चहा मिळत नाही. २००० साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अलमट्टीची पातळी ५१९.६ मीटरवर ठरली. पुढे ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास अनुकूल निर्णय दिला. २००५ च्या आणि पुन्हा २०१९ च्या पुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या गेल्या. २०२० मध्ये आलेल्या अहवालाने सांगली-कोल्हापूरच्या पुराचे खापर अलमट्टीवर फोडले नाही. अतिवृष्टी, नदीपात्रातील अतिक्रमणे आणि अडथळे यांकडे त्याने बोट दाखवले.

१७/
या अहवालाचे दोन गैरवापर होतात. पहिला नेत्यांचा : अहवाल बाजूला ठेवून दर पुरात अलमट्टीच्या नावाने हाळी द्यायची, म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या भरावांविषयी आणि पूररेषेतल्या परवान्यांविषयी कुणी विचारत नाही. शत्रू सीमेपलीकडे असला की घरचा हिशेब लांबतो. दुसरा गैरवापर तज्ज्ञपणाचा आव आणणाऱ्यांचा : ‘अलमट्टीचा काही संबंध नाही, हे सिद्ध झाले आहे.’ जे तपासले गेले ते ५१९.६ मीटरवरचे अलमट्टी होते. तो निष्कर्ष ५२४ मीटरला आपोआप लागू होत नाही. ज्या गावात फुगेने पंचगंगा मागे सरताना पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे, त्या गावाने खालच्या अंगाला उंचावणाऱ्या पाण्याविषयी शंका घेतली तर ती अडाणीपणाची नव्हे, अनुभवाची आहे. महाराष्ट्र शासनानेही या उंचीवाढीला विरोध नोंदवला आहे. तो विरोध टिकायचा असेल, तर आधी आपल्या हद्दीतले दक्षिणद्वार मोकळे केलेले बरे.

१८/
आता मदतीकडे. फुटांत मोजलेला पूर आणि दिवसांत भोगलेला पूर यांतला फरक येथे उघडा पडतो. ७ ऑगस्ट २०१९ चा शासन निर्णय आठवा : दोन दिवसांहून अधिक काळ घर पाण्याखाली असेल, तर कुटुंबाला १० किलो तांदूळ आणि १० किलो गहू. सर्वत्र संताप उसळला तो योग्यच होता. पण त्या निर्णयाची भाषा नीट वाचा. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पाणी येऊन जाणारी वस्तू होती. दोन दिवसांनी घर उघडायचे, झाडायचे आणि मिळालेला गहू दळायला द्यायचा. दळायचे कोठे? गिरणीही पाण्यात, वीजही नाही. ज्या गावांना आठ-दहा दिवस वेढा पडतो, तेथे ‘दोन दिवस’ हा शब्दप्रयोग करणारा अधिकारी शिरोळचा पूर वृत्तवाहिनीवर पाहत असला पाहिजे.

१९/
त्या दिवसांत माणूस घर का सोडत नाही, हाही टवाळीचा एक विषय. कारण गोठ्यात दोन म्हशी असतात. बोट माणसांसाठी येते. म्हैस बोटीत बसत नाही, आणि तिच्यावर घरातल्या मुलीची फी चालते. पुरेसे आधी सांगितले, तर गावकरी जनावरे स्वतः चालवत उंचावर नेतो, वैरण ट्रॅक्टरवर घालतो, नदीवरच्या मोटारी वर ओढून घेतो. हे त्याला शिकवावे लागत नाही. सूचना उशिरा आली की तो दावे सोडून देतो किंवा दाव्याशीच बसून राहतो. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे जादा माणसे घेतलेली बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे गेली, त्यांत लहान मुलेही होती. सरकारी बोटी यायच्या होत्या, गावाने होती ती बोट काढली. याच मुलखात गूळ शिजवायच्या काहिलीत बसवून माणसे पलीकडे नेण्याची जुनी रीत आहे. तिचे कौतुक वर्तमानपत्रांत छापून येते. २१ व्या शतकात काहील हेच जीवरक्षक साधन उरावे, याबद्दल अग्रलेख क्वचितच येतो.

२०/
पूर ओसरल्यावर सातबारा बोलू लागतो. २०१९ मध्ये पूरग्रस्तांचे एका हेक्टरपर्यंतचे पीककर्ज माफ करण्याचा निर्णय झाला. ज्याच्या नावावर जमीन आणि कर्ज, त्याला त्याचा लाभ. जो वाट्याने कसतो, त्याचे नाव सातबाऱ्यावर नाही. भांगलणीला जाणाऱ्या बाईचे तर कोठेच नाही. तिचे पीक बुडाले नाही, कारण तिला पीकच नव्हते. पण गाळ सुकून शेतात पुन्हा पाऊल टाकता येईपर्यंत तिची रोजची मजुरी बुडाली. तिचा पंचनामा करायचा कोणता तक्ता आपल्याकडे आहे? पडलेल्या घराला आहे, मेलेल्या म्हशीला आहे, बुडालेल्या दिवसांना नाही. पुरात सर्वांत जास्त बुडते ते हेच.

२१/
‘मग पुनर्वसन घ्या की!’ हा शेवटचा टोला. तर प्रयाग चिखली आणि आंबेवाडी पाहा. पंचगंगा जेथे आकार घेते तेथली ही गावे. १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला त्यांच्यासाठी जागा ठरली. तीन दशके उलटून गेली, तरी महापूर आला की ट्रॉल्या भरून गाव निघते आणि पाणी उतरले की परत येते. ‘जागा देऊनही जात नाहीत’ असे म्हणणे सोपे. भूखंडाच्या मालकीचे कागद, वाढलेल्या कुटुंबांची गणती, घर बांधायचा पैसा यांचे घोंगडे भिजत पडले. आणि त्या भूखंडावर घर मावते, गोठा मावत नाही. नकाशा आखणाऱ्याच्या मते माणूस रात्री झोपतो ती जागा म्हणजे घर. दूध काढणे, वैरण रचणे, बैलगाडी सोडणे, धान्य वाळवणे ही कामे कोठे करायची, याची रकाना त्या नकाशात नसते. शेत काठावर, जनावर काठावर आणि माणूस पाच मैलांवर, अशी व्यवस्था करून वर त्याच्या अडेलपणावर हसायचे.

२२/
खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर अनेकांनी छायाचित्रांत पाहिले असेल : शिलाहार काळातले, स्वर्गमंडपाचे, कृष्णेच्या काठचे. पूर आला की त्याचीही छायाचित्रे फिरतात आणि ‘आपला वारसा धोक्यात’ म्हणून हळहळ व्यक्त होते. मीही ती केली आहे. परंतु त्या मंदिराने सुमारे आठ शतकांचे पूर पाहिले आहेत आणि ते उद्याही उभे असेल. त्याच गावातली मातीची भिंत एका आठवड्यात फुगून बसते, आणि तिचे छायाचित्र कुणी पुढे पाठवत नाही.

२३/
आता जागतिक बँकेच्या साह्याने कृष्णा खोऱ्यातले पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याचे आराखडे तयार होत आहेत. कानावर पडायला गोड आहे : येथला पूर जाईल, तेथला दुष्काळ जाईल. महापुराच्या चार दिवसांतले लोंढे उचलायला किती मोठे बोगदे आणि पंप लागतील, आणि उरलेल्या ३६१ दिवसांत ते कुणाचे पाणी उचलतील, हे दोन प्रश्न सभेत विचारायला हरकत नसावी. काठच्या गावांच्या मागण्या यापेक्षा कितीतरी स्वस्त आहेत, आणि त्या नव्याही नाहीत. भरावांच्या जागी कमानी. धरणांतून किती पाणी कधी सोडणार याची आधी, मराठीत, गावच्या ध्वनिक्षेपकावरून सूचना. जनावरांसह जाता येईल अशी उंच जागा प्रत्येक गावाला, कायमची, पाण्याची आणि वैरणीची सोय असलेली. पुनर्वसनाच्या भूखंडाला गोठ्याचे क्षेत्र. आणि मदतीच्या तक्त्यात बुडालेल्या दिवसांचा एक स्तंभ, ज्यात सातबारा नसलेल्या बाईचेही नाव लिहिता येईल.

२४/
‘राहायला सांगितले कुणी’ याचे उत्तर एवढे आहे. पांढरीवर राहायला पूर्वजांनी सांगितले, त्यांचे बरोबर होते. मळीत बारमाही पीक घ्यायला शासनाने सांगितले, सखल जागी घर बांधायला गरिबीने. प्रश्न विचारणाऱ्यांपैकी कुणाला यंदा जुलैअखेर सवड असेल तर कुरुंदवाडच्या घाटावर यावे. समोर राजापूरच्या दिशेने पाणी सरळ जाताना दिसेल. फुग असेल तर जाताना दिसणार नाही.